किल्ली आणि डिपॉझिट एकाच बैठकीत: वाशिम जिल्ह्यातल्या किरायदारांना आणि घरमालकांना आवाहन

या किंवा पुढच्या महिन्यात तुम्ही खोली खाली करणार असाल, तर टेम्पोवाल्याला फोन करण्याआधी हे वाचा. डिपॉझिट घरमालकाकडे आणि किल्ली अजून तुमच्याकडे असेल, तर वेळ गेलेली नाही. किल्ली देऊन, सामान चढवून, "पैसे नंतर पाठवा" म्हणत तुम्ही गाव सोडलंत की तुमच्या हातात फक्त फोन नंबर उरतो. तो उचलायचा की नाही हे समोरचा ठरवतो.

मे आणि जून हे आपल्याकडे बिऱ्हाडं हलवण्याचे महिने. विदर्भात शाळा जूनच्या शेवटाला उघडतात, म्हणून बदली झालेले शिक्षक त्याआधी नव्या गावी पोहोचण्याच्या घाईत असतात. बँकेतले कर्मचारी, आरोग्यसेविका, तहसील आणि जिल्हा परिषदेतली मंडळी यांचीही हीच लगबग. परीक्षा संपवून गावी परतणारे विद्यार्थी त्यात मिसळतात. घाई किरायदाराला असते, घरमालकाला नसते. डिपॉझिट बुडण्याचं पहिलं कारण हे आहे, आणि त्यावरचा उपाय आज, घाई सुरू होण्याआधीच करता येतो.

१ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून वेगळा होऊन वाशिम जिल्हा झाला. जिल्हाधिकारी कार्यालय आलं, जिल्हा परिषद आली, पोलीस अधीक्षकांचं कार्यालय आलं. या कचेऱ्यांसोबत बदलीवर येणारी आणि बदलीवर जाणारी माणसं आली. २०२४ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १०० जागांसह सुरू झालं. लाखाळा, सिव्हिल लाईन, आययूडीपी कॉलनी, पुसद नाका, कुठंही जा, वरच्या मजल्यावर दोन खोल्या काढून किरायाने दिलेल्या दिसतात. कारंजा, रिसोड, मंगरूळपीर इथेही कॉलेज आणि शिकवण्यांच्या आसपास तेच चित्र. गाव वाढलं, किरायाचा व्यवहार वाढला. व्यवहाराची रीत मात्र तोंडी बोलीचीच राहिली. "आपल्याच माणसासारखे राहा" म्हणून किल्ली मिळते आणि जाताना कळतं की आपल्याकडे एका ओळीचाही कागद नाही.

दहा-पंधरा हजार रुपये काही फार नाहीत, असं ज्यांना वाटतं त्यांनी एक आकडा लक्षात घ्यावा. शासकीय वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी राज्याची भारतरत्न डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे. वाशिमसारख्या ठिकाणच्या विद्यार्थ्यासाठी तिची वर्षाची रक्कम ४३,००० रुपये ठरली. त्यात जेवणाचे २५,०००, राहण्याचे १२,००० आणि निर्वाहाचे ६,०००. राहण्याचे १२,००० म्हणजे महिन्याला एक हजार. अशा मुलाचं दहा हजारांचं डिपॉझिट अडकलं, तर शासनाने त्याच्या निवाऱ्यासाठी दिलेले दहा महिन्यांचे पैसे अडकले. ते पैसे घरी परत जाणार असतात, किंवा पुढच्या गावच्या खोलीचं डिपॉझिट होणार असतात. पहिलं सुटत नाही तोवर दुसरं भरता येत नाही. मग बाप सावकाराकडे जातो, नाहीतर आई गळ्यातलं मोडते.

डिपॉझिट बुडतं ते सहसा कुणी सरळ "देत नाही" म्हणाल्यामुळे नाही. गोड बोलत, तारखा देत, थोडं थोडं कापत ते संपतं. त्याच्या नेहमीच्या तीन वाटा आहेत, त्या ओळखून ठेवा.

पहिली वाट म्हणजे, "नवीन किरायदार आला का त्याच्या डिपॉझिटमधून तुमचे देऊन टाकतो, पैसे कुठं पळून चालले?" याचा खरा अर्थ असा, की तुम्ही दिलेली रक्कम कधीच खर्च झाली आहे. स्लॅबला लागली, मुलीच्या फीला गेली, पेरणीच्या तोंडावर बियाणं-खताला गेली. यात प्रत्येक वेळी दुष्टपणा असतो असं मी म्हणत नाही. पण ती अनामत होती. ती जपून ठेवायची आणि मागताच परत करायची. नवा किरायदार येईल की नाही, कधी येईल, ही जोखीम घराच्या मालकाची आहे. निघून गेलेल्या माणसाने ती का सोसावी? आणि नव्याच्या पैशातून जुन्याचं फेडायचं ठरलं, तर तो नवा जाईल तेव्हा त्यालाही हेच ऐकावं लागणार.

दुसरी वाट रंगाची. "भिंती खराब झाल्या, रंगाचे कापले." किती कापले? एका महिन्याचा किराया, कधी दोन महिन्यांचा. रंगाऱ्याची पावती नाही, मोजमाप नाही. इथे कायदा किरायदाराच्या बाजूने स्पष्ट बोलतो. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ चं कलम १०८ सांगतं की भाडेकरूने जागा घेतली तशा स्थितीत परत करावी, पण वाजवी वापराने होणारी झीज त्यातून वगळलेली आहे. तीन वर्षं राहिल्यावर डिस्टेंपर फिका पडणारच. कॅलेंडरच्या खिळ्याचं भोक राहणारच. बोअरच्या जड पाण्याने नळावर आणि फरशीवर पांढरे थर चढणारच. ही झीज आहे आणि तिचा मोबदला दर महिन्याच्या किरायात दिलेला आहे. फुटलेलं बेसिन, जळालेला ओटा, उखडलेली चौकट, पोरांनी फोडलेली काच ही झीज नव्हे. ते नुकसान आहे, आणि ते किरायदाराने कुरकूर न करता भरून द्यावं. दोन्हींची सीमा ठरवायची, तर खोली घेतली त्या दिवशी ती कशी होती याचा पुरावा लागतो. तोच नेमका कुणाकडे नसतो.

तिसरी वाट लाईटबिलाची आणि पाण्याची. "शेवटचं बिल येऊ द्या, मग हिशोब करू." बिल येतं तेव्हा तुम्ही यवतमाळला किंवा नांदेडला पोहोचलेले असता. सबमीटर असेल तर युनिटचा दर घरमालक सांगेल तो. उन्हाळ्यात टँकर आणला त्याचे पैसे निघताना पहिल्यांदाच हिशोबात उगवतात. एकबुर्जी धरणाच्या भरवशावर जगणाऱ्या या शहरात पाण्याला पैसे पडतात हे सगळ्यांना माहीत आहे. ते द्यायलाच हवेत, पण ज्या महिन्यात खर्च झाला त्याच महिन्यात, सांगून घेतलेले. मीटरचा उपाय सोपा आहे. निघायच्या दिवशी दोघांनी मिळून मीटरचं रीडिंग पाहायचं, फोटो काढायचा, मागच्या बिलापासूनची युनिटं मोजायची आणि महावितरणच्या बिलावर जो दर छापलेला आहे त्याने पैसे तिथेच चुकते करायचे. पंधरा मिनिटांचं काम आहे.

एका गोष्टीबद्दल फारसं कुणी बोलत नाही. सगळ्यांना खोली सारखी मिळत नाही. एकटी राहणारी नर्स, नोकरीला लागलेली अविवाहित मुलगी, आडनाव ऐकून ज्याला "खोली तर कालच गेली" असं सांगितलं जातं तो तरुण, ही माणसं दहा दारं फिरून एका दारात शिरतात. ज्याला निवारा इतक्या मुश्किलीने मिळाला, तो डिपॉझिट मागताना आवाज चढवत नाही. "जाऊ द्या, त्यांनी खोली दिली हेच पुष्कळ" असं म्हणून निघून जातो. सर्वांत जास्त बुडतं ते अशांचंच. या लोकांना मला मनापासून सांगायचं आहे की खोली तुम्हाला उपकार म्हणून मिळाली नव्हती. तुम्ही दर महिन्याला किराया मोजलात. डिपॉझिट तुमचं आहे आणि ते मागण्यात उद्धटपणा नाही.

आता कायद्यातली कमतरता. ती समजली की आपण काय करायचं ते आपोआप समजेल.

वऱ्हाडात घरभाड्याचा कायदा जुना आहे. मध्य प्रांत व वऱ्हाडचा १९४९ चा आदेश लागू होता तेव्हा किरायदाराला घर सोडण्याची नोटीस देण्याआधी घरमालकाला रेंट कंट्रोलरची परवानगी घ्यावी लागे. त्या काळातली भीती बेघर होण्याची होती, म्हणून कायदाही बेघर करण्याविरुद्ध होता. पुढे मुंबई, विदर्भ आणि मराठवाड्याचे वेगवेगळे कायदे एकत्र करून महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ झाला आणि ३१ मार्च २००० पासून अमलात आला. या कायद्याच्या कलम ५६ ने घरमालकाला अनामत रक्कम घेण्याची मोकळीक दिली. पण किती घ्यावी याची मर्यादा घातली नाही आणि खोली खाली झाल्यावर किती दिवसांत परत करावी हेही सांगितलं नाही. घेण्याचा हक्क कायद्यात आला, परत देण्याची तारीख आली नाही. सगळे तंटे या फटीत शिरतात.

ही फट बुजवण्याचा एक मसुदा तयार आहे. केंद्रीय मंत्रिमंडळाने २ जून २०२१ रोजी आदर्श भाडेकरू अधिनियमाला मान्यता दिली. राहत्या घरासाठी डिपॉझिट जास्तीत जास्त दोन महिन्यांच्या किरायाइतकं, आणि जागेचा ताबा परत घेताना, वाजवी वजावट करून, त्याच वेळी ते परत, अशी त्यात तरतूद आहे. पण तो नमुना आहे. राज्याने कायदा केल्याशिवाय तो कुणावर बंधनकारक होत नाही. विधिमंडळाची वाट पाहत बसण्याची मात्र आपल्याला गरज नाही. दोघांच्या संमतीने तीच दोन वाक्यं आजच्या करारात लिहिण्यापासून आपल्याला कोण अडवतं? "डिपॉझिट दोन महिन्यांच्या किरायाएवढं असेल. किल्ली परत देताना, लेखी हिशोबाने वजावट करून, उरलेली रक्कम त्याच वेळी परत केली जाईल." वाशिम जिल्ह्यातल्या प्रत्येक किराया करारात ही दोन वाक्यं असावीत. माझ्या आवाहनाचा गाभा एवढाच आहे.

करार म्हटलं की माणसं बिचकतात, म्हणून त्याबद्दल थोडं सविस्तर सांगतो. नोटरीचा शिक्का मारलेला स्टॅम्पपेपर म्हणजे नोंदणीकृत करार नव्हे. आपल्याकडे ही चूक सर्रास होते. १९९९ च्या कायद्याचं कलम ५५ म्हणतं की भाड्याचा किंवा लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी असलाच पाहिजे आणि नोंदलेला असलाच पाहिजे. नोंदणीची जबाबदारी घरमालकाची आहे. त्याने ती टाळली तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. त्याहून महत्त्वाची गोष्ट याच कलमात पुढे आहे. करार लेखी आणि नोंदलेला नसेल, तर अटी काय ठरल्या होत्या याबद्दल किरायदार जे सांगेल ते, उलट सिद्ध होईपर्यंत, खरं धरलं जातं. घरमालकांनी हे नीट समजून घ्यावं. तोंडी व्यवहार ठेवून तुम्ही मोकळे राहत नाही, तुमचीच बाजू लंगडी होते.

खर्चाची भीतीही बरीचशी अनाठायी आहे. समजा किराया महिना ५,००० आणि डिपॉझिट १०,००० रुपये आहे, करार ११ महिन्यांचा आहे. किरायाचे ५५,००० आणि डिपॉझिटवर वर्षाचे १० टक्के धरून १,०००, असे ५६,००० झाले. यावर पाव टक्का मुद्रांक शुल्क म्हणजे १४० रुपये, वरच्या शंभरात धरले तरी २०० रुपये. नोंदणी फी शहरी भागात १,००० आणि ग्रामीण भागात ५०० रुपये. नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर ऑनलाइन नोंदणी होते, त्यामुळे कचेरीच्या फेऱ्याही नाहीत. हा खर्च दोघांनी अर्धा अर्धा वाटून घेतला, तर दोघांच्याही डोक्यावरचं ओझं उतरतं.

आता ज्यांची खोली खाली करण्याची वेळ आलेली आहे आणि ज्यांच्याकडे करार नाही, त्यांनी काय करायचं? या आठवड्यात करायची कामं सांगतो.

खोली सोडण्याची तारीख घरमालकाला निदान महिनाभर आधी लेखी कळवा. व्हॉट्सअॅपवर मराठीत चार ओळी लिहिल्या तरी चालतील: "काका, मी अमुक तारखेला खोली खाली करत आहे. माझं डिपॉझिट अमुक रुपये आपल्याकडे आहे. त्या दिवशी सायंकाळी आपण मीटर आणि खोली पाहून हिशोब करू." या चार ओळींनी तीन गोष्टी साधतात. तारीख पक्की होते, रक्कम लिहून जाते आणि समोरच्याने "हो, चालेल" म्हटलं की डिपॉझिट घेतल्याची कबुलीही मिळते. रोख दिलेल्या पैशाचा पुरावा नसतो अशी तक्रार पुष्कळांची आहे. ती कबुली याच निरोपातून मिळवता येते. हा संवाद पुसू नका. फोन बदलणार असाल तर जपून ठेवा.

खोली झाडून, पुसून, दिवसाच्या उजेडात तिचा व्हिडिओ काढा. दार, खिडक्या, न्हाणीघर, नळ, ओटा, पंखे, बटणं, भिंतींचे चारही कोपरे. बोलत बोलत काढा, तारीख सांगा. खरोखर काही तुटलेलं असेल तर घरमालकाने दाखवण्याआधी तुम्हीच दाखवा आणि गावातल्या मिस्त्रीकडून दुरुस्त करून पावती ठेवा. शंभर-दोनशे रुपयांत जे काम होतं, त्याचे निघताना हजार कापले जातात.

शेवटच्या महिन्याचा किराया परस्पर थांबवू नका. "डिपॉझिट तर मिळणारच नाही, मग किराया तरी का देऊ" असा विचार मनात येतो आणि तो समजण्यासारखा आहे. पण त्याने तुमची बाजू कच्ची पडते आणि तुमच्या मागून येणाऱ्या किरायदारावर अविश्वासाचं ओझं चढतं. शेवटचा किराया डिपॉझिटमधून वळता करायचा असेल तर दोघांच्या संमतीने, लिहून करा. घरमालकाला पैशाची अडचण असेल तर हा मार्ग त्यालाही सोयीचा आहे. दोन महिने आधी बोलून ठेवलं, तर हातात काही द्यावंच लागत नाही.

आणि किल्ली. किल्ली शेजाऱ्याकडे ठेवून जाऊ नका, कुंडीखाली ठेवून जाऊ नका, पोराच्या हातात देऊन जाऊ नका. किल्ली म्हणजे ताबा. ती हिशोबाच्या बैठकीत, पैसे हातात किंवा खात्यात आल्यावर, पावतीवर सही घेऊन द्यायची. टेम्पो दुपारचा ठरला असेल तर हिशोब आदल्या संध्याकाळी करा. शक्य असेल तर गल्लीतला किंवा कार्यालयातला एखादा वडीलधारा माणूस सोबत न्या. भांडायला नव्हे, बसायला. दोघांच्या मध्ये तिसरा माणूस बसला की आवाज खाली येतात.

काही घरमालक याच्याही पुढे जातात. पाणी तोडतात, लाईट बंद करतात, बाहेरून स्वतःचं कुलूप ठोकतात, सामान अडकवून ठेवतात. हा अपराध आहे. १९९९ च्या कायद्याचं कलम २९ अत्यावश्यक पुरवठा तोडायला मनाई करतं आणि न्यायालय तो पुन्हा सुरू करण्याचा हुकूम देऊ शकतं. ज्याच्याकडे जागेचा शांत ताबा आहे, त्याला कायदेशीर मार्गाशिवाय बाहेर काढता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्ये कृष्णा राम महाले विरुद्ध शोभा व्यंकट राव या खटल्यात सांगून ठेवलं आहे. जबरदस्तीने बाहेर काढलं, तर विशिष्ट अनुतोष अधिनियमाच्या कलम ६ खाली सहा महिन्यांच्या आत ताब्यासाठी दावा करता येतो. पोलीस ठाण्यात "हा दिवाणी मामला आहे" असं ऐकावं लागेल. डिपॉझिटच्या रकमेपुरतं ते खरंही आहे. पण सामान डांबणं, वाट अडवणं, धमकावणं यासाठी लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या.

किल्ली दिली आहे, गावही सोडलं आहे आणि पैसे अजून मिळालेले नाहीत, अशा लोकांनीही हात टेकू नयेत. पैशाच्या दाव्याला साधारण तीन वर्षांची मुदत असते. पहिल्यांदा स्पीड पोस्टाने एक सभ्य, छोटं पत्र पाठवा: किती रक्कम, केव्हा दिली, किल्ली केव्हा दिली, किती दिवसांत परत हवी. उत्तर नाही आलं, तर वाशिमच्या न्यायालयातल्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे किंवा तालुक्याच्या विधी सेवा समितीकडे अर्ज करा. दावा दाखल होण्याआधीच प्रकरण लोकअदालतीत ठेवता येतं. तिथे तडजोड झाली की तिला न्यायालयाच्या हुकूमनाम्याचं बळ असतं आणि त्यावर अपील होत नाही. महिला, अनुसूचित जाती-जमातीचे नागरिक, दिव्यांग आणि औद्योगिक कामगार यांना वकिलाची मदत उत्पन्न न पाहता मोफत मिळते. इतरांसाठी राज्यात वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ३ लाख रुपये आहे. १५१०० हा राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाचा मदत क्रमांक आहे. दहा हजारांसाठी वकील परवडत नाही म्हणून गप्प बसलेल्या प्रत्येकाने हा क्रमांक फोनमध्ये जतन करून ठेवावा.

घरमालकांशीही मला तितक्याच आपुलकीने बोलायचं आहे. आपल्या जिल्ह्यातले बहुतेक घरमालक म्हणजे इमारतींचे धनी नव्हेत. निवृत्त शिक्षक आहेत, नवरा गेल्यावर दोन खोल्यांच्या किरायावर घर चालवणाऱ्या बाया आहेत, सोयाबीनच्या भावाने मार खाल्ल्यावर किरायाच्या आधाराने उभे राहिलेले शेतकरी आहेत. तुमचाही त्रास खरा आहे. तीन महिन्यांचा किराया थकवून रातोरात निघून जाणारा किरायदार, लाईटबिल थकवणारा, न्हाणीघर फोडून ठेवणारा, हे तुम्ही पाहिलेलं आहे. डिपॉझिट याच्यासाठीच असतं आणि त्यातून खरं नुकसान भरून घेण्याचा तुमचा हक्क कुणी नाकारत नाही. मागणी एवढीच आहे की वजावट कागदावर दाखवा, पावतीसह. आणि डिपॉझिटचे पैसे घरखर्चात मिसळू नका. बँकेत वेगळं खातं उघडा, नाहीतर मुदत ठेव करा. व्याज तुमचंच राहील. किरायाची पावती दर महिन्याला द्या. कलम २६ प्रमाणे ती देणं बंधनकारक आहे, आणि थकबाकीचा वाद झाला तर तीच स्थळप्रत तुमच्या कामी येते.

वाशिमच्या घरमालकाला हे का पटावं, याचं आणखी एक कारण आहे. आपलीच मुलं आज पुण्यात, संभाजीनगरात, नागपुरात किरायाने राहतात. स्पर्धा परीक्षेसाठी सदाशिव पेठेत चौघांत एक खोली घेऊन राहणारी, हिंजवडीत नोकरीला लागलेली. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली तेव्हा पुस्तकं, गाद्या तिथेच टाकून ही मुलं गावी परतली. १७ एप्रिल २०२० रोजी राज्याच्या गृहनिर्माण विभागाने घरमालकांना निदान तीन महिने किरायाची वसुली पुढे ढकलण्याची आणि त्यापायी कुणाला घराबाहेर न काढण्याची सूचना केली होती. तरीही बंद खोलीच्या किरायाचे आणि डिपॉझिटचे वाद किती घरांत झाले, हे त्या मुलांच्या आई-बापांना आठवत असेल. तिकडच्या घरमालकाने आपल्या लेकराशी जसं वागावं असं आपल्याला वाटतं, तसंच आपल्या वरच्या मजल्यावरच्या लेकराशी वागू.

काही कामं एकट्या किरायदाराच्या किंवा घरमालकाच्या हातची नाहीत. वैद्यकीय महाविद्यालयाने आणि जिल्ह्यातल्या इतर महाविद्यालयांनी प्रवेशाच्या वेळीच प्रत्येक बाहेरगावच्या विद्यार्थ्याला किराया कराराचा एक पानी नमुना द्यावा. जिल्हा परिषदेने आणि कर्मचारी संघटनांनी बदलीच्या आदेशांच्या दिवसांत आपल्या लोकांना हाच नमुना पोहोचवावा. वकील संघाने मे-जूनमध्ये आठवड्यातून एक संध्याकाळ किरायाच्या तंट्यांसाठी ठेवावी, तिथे दोन्ही बाजूंना बसवून बोलतं करावं. नगरपरिषदांनी घरपट्टीच्या बिलासोबत कलम ५५ ची माहिती छापून पाठवावी. यातल्या कशालाही नवा निधी लागत नाही. आणि लोकप्रतिनिधींनी डिपॉझिटची मर्यादा आणि परतीची तारीख राज्याच्या कायद्यात यावी म्हणून विधिमंडळात आवाज उठवावा.

ते होईल तेव्हा होईल. खोली मात्र याच महिन्यात खाली होते आहे. म्हणून खालची पावती साध्या कोऱ्या कागदावर दोनदा उतरवून घ्या, रकाने भरा आणि हिशोबाच्या बैठकीला सोबत न्या. एक प्रत किरायदाराची, एक घरमालकाची, दोन्हींवर दोघांच्या सह्या आणि एका साक्षीदाराची सही.

"आज दिनांक ______ रोजी ______ येथील खोलीची किल्ली आणि ताबा किरायदार ______ यांनी घरमालक ______ यांना परत दिला. आम्ही दोघांनी खोली आणि मीटर एकत्र पाहिले. मीटरचे रीडिंग ______ आहे. जमा डिपॉझिट ______ रुपये. त्यातून लाईटबिलाचे ______, पाण्याचे ______ आणि नुकसानीचे ______ रुपये (कशाचे, ते लिहावे, दुरुस्तीची पावती जोडावी) वजा करून उरलेले ______ रुपये आज रोख / खात्यावर परत मिळाले. दोघांचे एकमेकांकडे काही घेणे-देणे राहिलेले नाही."

पैसे खात्यावर पाठवल्याचा मेसेज आला, तरी रक्कम खरोखर जमा झाल्याची खात्री करूनच सही करा. आणि घरमालक "उरलेले आठ दिवसांनी देतो" म्हणाले, तर शेवटचं वाक्य खोडून त्या जागी बाकी रक्कम आणि देण्याची तारीख त्यांच्याच हाताने लिहून घ्या.